वडिवुच्या हातची ओरवंजनै

पुंगुळम गावात मूल आधी 'अम्मा' म्हणायला शिकतं, मग 'अप्पा', आणि तिसरा शब्द 'ओरवंजनै'. आपण ज्याला डावं-उजवं करणं म्हणतो, तेच हे. पण आपल्याकडे ते रुसव्याफुगव्यात कधीमधी निघतं. ताम्रपर्णीच्या काठच्या या गावात दिवसाला पन्नास वेळा कानावर पडतं. कंडक्टरने ओळखीच्या बाईला खिडकीची जागा दिली, ओरवंजनै. मास्तरांनी पुढच्या बाकावरच्या मुलीलाच कविता म्हणायला लावली, ओरवंजनै. कालव्याच्या अलीकडे सर आली आणि पलीकडे नुसताच वारा सुटला, तर पलीकडची माणसं आभाळाकडे हात नाचवून हाच शब्द म्हणतात. गावाच्या लेखी त्याचा अर्थ अगदी सरळ आहे: पंगतीच्या एका कडेला तूप आणि दुसऱ्या कडेला नुसता वास.

अशा या गावात वडिवुने अठ्ठावन्न वर्षं हा शब्द स्वतःच्या अंगाला लागू दिला नव्हता. लहानपणी तिच्या आईने साय भावाच्या वाटीत घातली होती आणि तिच्या हाती खरवडायला पातेलं दिलं होतं. तेव्हाच तिने ठरवलं, की आपल्या हातून असलं काही होणार नाही. पुढे तिला दोन मुली झाल्या, थोरली गोमती आणि धाकटी उलगू. गोमतीला ताप आला की उलगूलाही पेज. उलगूचा पहिला नंबर आला म्हणून शिरा झाला, तर नापास होता होता वाचलेल्या गोमतीच्या वाटीतही तेवढाच शिरा, काजू मोजून. आंबा कापला की कोय कुणाची यावरून भांडण नको म्हणून कोय नवऱ्याला. पिच्चुमणी पोस्टमास्तर होता, स्वभावाने गरीब. घरात न्याय नांदावा म्हणून तो पंचवीस वर्षं कोया चोखत आला.

देवीच्या देवळात प्रसादाचा पोंगल वाटायची वेळ आली की बायका म्हणत, "पळी वडिवुक्काच्या हातात द्या." तिने वाढलेलं कुणी शेजारच्या पानाशी ताडून बघत नसे. याचा तिला अभिमान होता, आणि खोटं कशाला बोला, थोडा माजही होता.

यंदा उलगूची 'तलै दीपावळी' होती, म्हणजे आपला दिवाळसण. उलगूचं लग्न आषाढाच्या आधी झालं होतं. जावई नंबीराजन कोइंबतूरला बँकेत, गोरागोमटा, हळू बोलणारा, आणि सासुरवाडीच्या पाहुणचाराने पार गांगरलेला. आल्यापासून त्याला कुणी पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू दिला नव्हता. उठला की "काय हवं, माप्पिळ्ळै?" बसला की "आरामात बसा, माप्पिळ्ळै!" माप्पिळ्ळै म्हणजे जावईबापू. बिचारा शेवटी उठायलाच घाबरू लागला.

थोरला जावई चोक्कलिंगम याच्या वाट्याला असला काही ताप नव्हता. तेन्काशीला त्याचं पंपाच्या मोटरी दुरुस्त करायचं दुकान होतं. तो दोन दिवस आधीच बायको आणि सहा वर्षांच्या कुयिलीला घेऊन आला होता, आणि आल्या आल्या लुंगी वर बांधून विहिरीच्या मोटरीत डोकं घालून बसला होता. वडिवु त्याला अरे-तुरे करायची. जावयाला अरे-तुरे हे त्या गावात ऐकिवात नव्हतं, पण एकदा तो पावसात शेवाळलेल्या कौलांवर चढला तेव्हा ती खालून ओरडली होती, "अरे ए चोक्का, उतर आधी, कंबरडं मोडेल!" तेव्हापासून ते तसंच राहिलं. शेजारपाजारच्यांनी नाकं मुरडली. वडिवु म्हणाली, "तो घरचाच आहे."

दिवाळीच्या दिवशी पहाटे आंघोळी झाल्या. सासूच्या हातचं पहिलं तेल नंबीच्या डोक्यावर पडलं, पहिला फटाका त्याने लावला, कानावर हात ठेवून. त्याच्यासाठी रेशमी धोतर आणि अंगठी होती. चोक्काला सुती धोतर, काठाला हळद लावलेलं, चांगलं टिकाऊ. मग तो खवणीवर बसला. दुपारी सोदी होणार होती. नारळाच्या दुधातली ही भाजी त्या भागात जावयाच्या पंगतीला करतात. बिनसोदीचा मान म्हणजे मानच नव्हे. तिला दूध तीनदा काढावं लागतं, नारळ लागतात आठ, आणि आठ नारळ खवायला चोक्कासारखा हात लागतो.

सगळं यथासांग चाललं होतं. घोडं अडलं ते केळीच्या पानावर.

चार दिवसांपूर्वी वादळी वारा झाला होता आणि गावातल्या केळींच्या पानांच्या चिंध्या झाल्या होत्या. मानकऱ्याला वाढायचं ते शेंड्याच्या पानावर, निमुळतं टोक शाबूत असलेल्या. बाकीच्यांना त्याच पानाचे मधले तुकडे चालतात. पिच्चुमणी सकाळी आठला बाजारात गेला आणि साडेनऊला परतला तो मधल्या तुकड्यांची एक गुंडाळी आणि शेंड्याचं एकच पान घेऊन. तेही त्याने छत्री धरावी तसं उंच धरून आणलं होतं.

"एकच?" वडिवुने विचारलं.

"हे मिळालं तेही भांडून. भांडायची मला सवय नाही, तुला माहीत आहे."

"असू दे. हे नंबी माप्पिळ्ळैंना." वडिवुने पान ओल्या फडक्याने पुसायला घेतलं. "बाकीच्यांना तुकडे पुरवा. कमी पडले तर चोक्काला ताटात वाढा. त्याचं काय, घरचाच आहे."

गोमती आलं किसत होती. तिचा हात थांबला.

"अम्मा, ही ओरवंजनै आहे."

सकाळपासून कुयिलीने हा शब्द चाळीस वेळा उच्चारला होता, फुलबाज्यांवरून, चकलीवरून, मांजराने आधी कुणाच्या मांडीवर बसावं यावरूनही. कुणी मान वर केली नव्हती. पण गोमती तेहेतीस वर्षांची होती आणि ती आईच्या डोळ्यांत बघून बोलली होती.

"काय म्हणालीस?"

"ऐकलंस ते."

"अगं, पहिल्या दिवाळीला मान नव्या जावयाचाच असतो! तुझ्या वेळी नाही का आपण..." वडिवु बोलता बोलता अडखळली. गोमतीच्या वेळी आपण काय केलं होतं? तेल घातलं होतं? सोदी? काही म्हणता काही आठवेना.

"आठव," गोमती म्हणाली. "माझ्या वेळी काय केलंस?"

चुलीवर दूध उतू जायला आलं होतं, ते उलगूने उतरवलं. वडिवु पुसलेलंच पान पुन्हा पुसू लागली.

"आजी गेली ती दिवाळीच्या अकरा दिवस आधी," गोमतीने सांगितलं. "घरात सुतक. दिवाळी नाही, दिवा नाही. हे आले ते आले, दिवाळसणाला नाही, कामाला. सोळाव्या दिवसाच्या पंगतीत साठ माणसांना यांनी वाढलं. पाणी ओढलं, उष्टी पानं उचलली. आणि स्वतः जेवले ते मागच्या पायरीवर, परातीत, उरलंसुरलं."

"अगं, पण सुतक होतं..."

"सुतकाचा दोष नाहीच. मी कधी बोलले? तेही बोलले नाहीत. पण पुढच्या वर्षी एकदा, फक्त एकदा म्हणायचं होतंस, की चोक्कलिंगम, तुमची पहिली दिवाळी राहून गेली. सात दिवाळ्या झाल्या, अम्मा. सात वेळा त्यांनी खोबरं खवलंय."

विसरलो याचं वडिवुला जेवढं वाईट वाटलं, त्याहून जास्त या गोष्टीचं वाटलं, की इतकी वर्षं 'घरचाच, घरचाच' म्हणत आपण मजेत होतो. ज्याला घरचा म्हणावं त्याच्या वाट्याला काय आलं ते बघायलाच नको, अशी सोय होती ती.

"ताट मांडू नकोस त्यांच्यापुढे," गोमती पुन्हा आलं किसू लागली, पण आता आल्यावर राग निघत होता. "मांडणार असशील तर मी अकराच्या बसने दोघांना घेऊन घरी जाते. भांडण नाही माझं. आमच्या परसात केळ आहे. मी माझ्या हाताने त्यांना पानावर वाढीन."

दाराशी कुणी खाकरलं. नंबी होता, रेशमी धोतराचा सोगा सांभाळत. त्याने सगळं ऐकलं होतं.

"अत्तै, मी ताटात जेवतो," तो सासूला म्हणाला. "मला खरंच चालेल. कोइंबतूरला रोज ताटातच जेवतो."

"शिव शिव! काय बोलता, माप्पिळ्ळै!"

"नाहीतर पान मधोमध उभं चिरलं तर? अर्धं अर्धं."

फाटक्या पानावर दोन-दोन जावई! पिच्चुमणीने दोन्ही कानांना हात लावले. उलगूने नवऱ्याला दंडाला धरून बाहेर नेलं आणि म्हणाली, "तुम्ही जरा फटाके लावा बरं."

वडिवुने हातातलं पान भिंतीशी उभं केलं. घड्याळात दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. तिने पदर खोचला आणि पायात चपला सरकवल्या.

"कुठे निघालीस?" पिच्चुमणीने विचारलं.

"दुसरं पान आणायला."

"गावात पान नाही, मी सांगतो ना!"

"तुम्ही बाजार बघितलात. मी गाव बघते."

दिवाळीच्या सकाळी नवी कोरी साडी नेसून कुणाच्या दारात जाऊन "केळीचं पान आहे का?" विचारणं सोपं नसतं. कारण कुणीही आधी पानाचं बोलत नाही. आधी बसा, मग अनारशासारखं अधिरसम घ्या, मग चकली घ्या, मग आमच्या सुनेने नेसलेली साडी बघा. पहिल्या घरी मास्तरीणबाईंनी तिच्या तोंडात लाडू कोंबला आणि मग परस दाखवला. सगळी पानं झिरमिळ्या झालेली. दुसऱ्या घरी केळच आडवी. तिसऱ्या घरी म्हातारे नटेश अय्या ओट्यावर बसले होते. त्यांनी विचारलं, "वडिवु, तुझ्या घरी आज दिवाळसण ना? मग तू पान शोधत काय फिरतेस?"

खोटं बोलणं वडिवुला जमत नसे. घशात लाडू, पोटात चकली, डोळ्यांत पाणी, अशा अवस्थेत ती म्हणाली, "अय्या, माझ्या हातून ओरवंजनै झाली."

नटेश अय्यांनी कानामागे हात धरला. "काय झाली?"

"ओरवंजनै! थोरल्या जावयावर! सात वर्षं!"

फटाक्यांच्या माळेला काडी लागावी तशी बातमी गल्लीभर गेली. वडिवुक्काने ओरवंजनै केली! वडिवुक्काने! ज्या बाईने तीस वर्षं गावाला पळीने मोजून प्रसाद वाढला, जिच्या समोर दुसऱ्यांदा पान पुढे करायची कुणाची छाती झाली नाही, तिने! बायका हातातली कामं टाकून दारात आल्या. सगळ्यांचे चेहरे असे उजळले होते की दिवाळी आत्ता लागली असं वाटावं. "अगं बाई, खरंच?" "कशी केलीस?" "कुणावर?" त्यात कुणाला तिचं वाईट वाटत नव्हतं असं नाही, पण आनंद जास्त होता. एकटीच चांगली राहिलेली बाई अखेर आपल्यात आली होती.

"पान हवं असेल तर पोन्नम्माकडे जा," मास्तरीणबाई मागून येत म्हणाल्या. "तिची केळ भिंतीच्या आडोशाला आहे. तिचं एक पान शाबूत आहे, मी काल बघितलं."

पोन्नम्माशी वडिवु दोन वर्षं बोलत नव्हती. देवळात पोन्नम्माच्या धाकट्याने दुसऱ्यांदा पोंगल मागितला होता, आणि वडिवुने सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "मागची रांग संपू दे." पोन्नम्मा तिथल्या तिथे मुलाला घेऊन उठून गेली होती. गावात उघडउघड डावं-उजवं करणारी कुणी असेल तर पोन्नम्मा. धाकट्याला साय, थोरल्याला ताक. थोरल्याने चारचौघांत बोंब मारली तरी ती म्हणे, "हो, धाकटा लाडका आहे माझा, काय करशील?"

पोन्नम्मा परसात कोयता घेऊनच उभी होती. बातमी वडिवुच्या आधी पोचली होती.

"ये," ती म्हणाली. "काय झालं म्हणतात तुझ्या हातून? मला नीट ऐकू आलं नाही."

मागे पंधरा-वीस बायका उभ्या. दहा वाजून पस्तीस मिनिटं झालेली. वडिवुने एकदा त्या पानाकडे बघितलं. हिरवंगार, लांबलचक, टोकापर्यंत एक चीर नाही.

"ओरवंजनै," ती म्हणाली.

"मोठ्याने."

"ओरवंजनै! झालं समाधान?"

"झालं बाई," पोन्नम्मा म्हणाली, आणि हसत सुटली ती इतकी की तिला कोयता खाली ठेवावा लागला. मग वडिवुच्या जवळ येऊन आवाज उतरवून तिने विचारलं, "कुणाला जास्त दिलंस?"

"तेच तर, कुणालाच नाही! सगळ्यांना सारखं देत आले. आणि एकाला द्यायचंच राहिलं."

"माझा थोरला रोज माझ्याशी भांडायला येतो," पोन्नम्मा म्हणाली. "अम्मा, तू त्याला जास्त देतेस, अम्मा, तू त्याला जास्त देतेस. मी म्हणते, बस, ताक पी, मग भांड. रोज येतो, वडिवु. एक दिवस चुकला नाही. तुझा जावई कधी भांडला?"

"नाही."

"मग भांडायला लाव त्याला. सात वर्षं न भांडलेला माणूस म्हणजे पाहुणाच की!" असं म्हणून तिने कोयता उचलला, आणि ज्या पानावर धाकट्याला वाढायचं म्हणून गेले चार दिवस ती वाऱ्यापावसात राखण करत होती, ते एका घावात कापून वडिवुच्या हातात दिलं. "घे. धाकट्याला आज तुकड्यावर वाढते. चिडू दे त्यालाही एकदा."

दोन वर्षांचा अबोला असा सुटला. वडिवुला तिला मिठी मारायची होती, पण मध्ये पान होतं.

अकराची बस अकराला कधीच येत नाही, पण दिवाळीच्या दिवशी रिकामी असल्याने ती दहा पन्नासलाच आली. वडिवु गल्लीच्या तोंडाशी पोचली तेव्हा बस वळणावर हॉर्न देत होती आणि घराच्या पायरीवर गोमती पिशवी घेऊन उभी होती.

"थांब!" वडिवु ओरडली. "गोमती, थांब! मिळालं!"

गोमतीने बघितलं. आई दोन्ही हातांत पान आडवं धरून धावत येत होती. अठ्ठावन्न वर्षांची बाई, नवी साडी गुडघ्यापर्यंत वर, केस सुटलेले, ओठांच्या कडेला लाडवाचा चुरा. मागे अर्धं गाव. कुणीतरी ओरडलं, "ए, पान फाटू देऊ नकोस!" कंडक्टरने डोकं बाहेर काढून विचारलं, "ताई, येताय का?" आणि गोमतीने त्याला हातानेच जा म्हणून सांगितलं. मग तिने पिशवी तिथेच ठेवली, आईच्या हातातलं पान घेतलं आणि आईच्या तोंडावरचा चुरा आपल्या पदराने पुसला.

मागून चोक्कलिंगम आला, हाताला ग्रीस लागलेला. "बस गेली का? कोण जाणार होतं बसने?"

"कुणी नाही," मायलेकी एकदम म्हणाल्या.

दोघी बहिणींनी ओसरीवर दोन्ही पानं शेजारी शेजारी मांडली आणि त्यांवर पाणी शिंपडलं. उलगू म्हणाली, "अक्का, तुला एक सांगू? अम्मा झोपली की मी डबे उघडून बघायचे, माझ्यासाठी काही चोरून ठेवलंय का म्हणून."

"तूही बघायचीस?" गोमती म्हणाली. "मला वाटलं मी एकटीच."

"कधी काही सापडलं नाही."

"मलाही नाही."

वडिवु दारात उभी राहून ऐकत होती. मुलींनी हे हसत सांगितलं, आणि तिलाही हसू आलं, पण आत कुठेतरी चांगलंच लागलं. काजू मोजून देताना तिला वाटायचं, दोघी किती निश्चिंत असतील. दोघी डबे हुडकत होत्या.

ती ओसरीवर आली. नंबी आधीच पाटावर ताठ बसला होता. चोक्का आंघोळ करून, तेच सुती धोतर नेसून, वाढायच्या तयारीने कंबरेला पंचा बांधून आला होता.

"चोक्कलिंगम माप्पिळ्ळै, बसा," वडिवु म्हणाली.

चोक्काने मागे वळून बघितलं, कुणाला म्हणते म्हणून.

"तुम्हालाच."

"मला? अत्तै, भात कोण वाढणार? मामंजींच्या हातून तर निम्मा खाली जातो."

"जाऊ दे. बसा म्हटलं ना. पहिली दिवाळी आहे तुमची. सात वर्षांपूर्वीची."

त्याचा हात पंच्याच्या गाठीशी गेला आणि तिथेच राहिला. गाठ सुटेना. तो गोमतीकडे बघू लागला. गोमती पाण्याचे पेले मांडण्यात उगाच गर्क झाली. ओट्यावर, खिडकीत गावातली माणसं चिकटली होती. चोक्का पानासमोर बसला. टोक डावीकडे, जसं असायला हवं तसं. त्याने पानाच्या कडेला बोट लावून बघितलं.

"तुला वाईट वाटलं होतं का रे तेव्हा?" वडिवुने विचारलं. 'तुम्ही' एवढ्यावरच संपलं होतं.

"छे, छे," चोक्का म्हणाला. "खरं सांगू, अत्तै? वाटलं होतं. आईला वाटलं, सुतक असलं तरी जावयाचा मान होईलच; तिने नवीन धोतर पिशवीत घालून दिलं होतं. सासूने दिलेलं नेसायचं, पण पहाटेपर्यंत हे नेस, चारचौघांत जुनं नको दिसायला, असं म्हणाली. त्याची घडी मोडली नाही. तसंच परत नेलं. आईने विचारलं, सोदी कशी होती? मी म्हटलं, छान होती."

पिच्चुमणीने डोळे पुसले आणि आल्याची चटणी फारच झणझणीत झाली आहे असं जाहीर केलं. चटणी अजून वाढलीही नव्हती.

वडिवुने सोदीचं पातेलं उचललं. रिवाज असा, की पहिली पळी नव्या जावयाच्या भातावर पडते. नंबीने हात जोडून पान थोडं पुढे सरकवलं होतं. वडिवु त्याच्या पुढून गेली आणि चोक्काच्या समोर वाकली. तिने पळी बुडवली, तळातून वर काढली, बटाटे, शेवग्याच्या शेंगा, मूगडाळ, वरचं दाट दूध सगळं घेऊन, आणि त्याच्या भातावर रिकामी केली. मग आणखी एक. मग आणखी एक. भाताभोवती तळं झालं.

खिडकीतून पोन्नम्माचा आवाज आला, "अगं, पानाबाहेर जाईल!"

नंबीने आपल्या कोरड्या भाताकडे बघितलं. आल्यापासून तो हळू आवाजात 'हो अत्तै', 'नको अत्तै' एवढंच बोलला होता. आता त्याने तोंड उघडलं आणि अस्सल गावच्या माणसासारखी आरोळी ठोकली.

"ओरवंजनै! अत्तै, ही चक्क ओरवंजनै आहे!"

ओसरी हसण्याने दणाणून गेली. उलगूने नवऱ्याकडे असं बघितलं की जणू तिला तो आत्ता पसंत पडला.

"आहे!" वडिवु म्हणाली. ती ताठ उभी राहिली, एका हातात पातेलं, एका हातात पळी, आणि गावाकडे, खिडकीकडे, दोघी मुलींकडे बघत पुन्हा म्हणाली, "आहेच मुळी. हा माझा लाडका आहे. आणि तुम्ही, माप्पिळ्ळै, भांडत राहा. रोज भांडा. थांबा, येते तुमच्याकडे."

चोक्का जेवत होता. मान खाली, भराभर, लहान मूल जेवतं तसा. सात वर्षांत त्या घरात त्याने शेकडो पानं वाढली होती, पण स्वतःला काही हवं म्हणून कधी हाक मारली नव्हती. जे समोर येईल ते खाऊन तो उठत असे. वडिवु नंबीच्या पानाशी पोचली, पळी भरली, आणि तेवढ्यात मागून हाक आली, स्वच्छ, मोठ्याने, सगळ्या गावाला ऐकू जाईल अशी.

"अत्तै! मला अजून!"

नंबीच्या पानावर येता येता पळी तशीच मागे वळली.